समुद्रघोडा आणि त्याचे शेजारी: घरच्या खाऱ्या टाकीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूजर्सीतल्या आमच्या घरात टीव्ही असायला हवा त्या जागी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात समुद्रघोड्यांच्या दोन जोड्या राहतात. येणारा पाहुणा आधी टाकीपाशी थबकतो आणि चहा येईपर्यंत तेच तेच प्रश्न विचारतो. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

समुद्रघोडा बाकीच्या माशांबरोबर ठेवता येतो का?

येतो, पण हा प्रश्न उलट्या टोकाने विचारायला हवा. "माझ्या टाकीत समुद्रघोडा चालेल का?" असं विचारणाऱ्याला मी बहुतेक वेळा नाहीच म्हणतो, कारण त्याची टाकी आधीच नांदती असते. टाकी समुद्रघोड्यासाठी लावायची, त्याला रुळू द्यायचं आणि मग त्याला झेपतील असे एक-दोन पाहुणे बोलवायचे. या क्रमाने गेलं तर जमतं.

लोक घाबरतात ते चावाचावीला. मिश्र टाकीत त्याहून मोठा धोका उपासमारीचा असतो. लग्नाच्या पंगतीत एखादे आजोबा शांतपणे वरणभात कालवत बसलेले असतात आणि शेजारच्या पोरांची जिलबीची तिसरी फेरी झालेली असते, तसं टाकीत रोज होतं. आजोबांना निदान आग्रह करणारा वाढपी असतो. इथला वाढपी म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही वाढून ऑफिसला निघून गेलेले असता.

म्हणून कुठल्याही माशाबद्दल मी आधी एवढंच पाहतो: हा जेवतो कसा? चावतो का, हे त्यानंतर.

तो इतका सावकाश का खातो?

त्याची घडणच तशी आहे. शेपटीला पर नाही, कारण ती शेपटी पोहण्यासाठी नसून फांदी धरायला आहे. पुढे ढकलण्याचं सगळं काम पाठीवरच्या एका छोट्या परावर पडतं. तो सेकंदाला तीसहून जास्त वेळा फडफडतो, तरी घोडा जेमतेम पुढे सरकतो. या कुळातला बुटका समुद्रघोडा तर जगातला सर्वांत संथ मासा म्हणून गिनेसच्या नोंदीत आहे. तासाला साधारण दीड मीटर.

त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. नळीसारख्या तोंडाने घास आत ओढायचा आणि अख्खा गिळायचा. साठवायला जागा नसल्याने अन्न आतड्यातून भराभर पुढे जातं, म्हणून एकदाच भरपेट वाढून भागत नाही. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं लागतं.

शेवटची झडप मात्र विजेसारखी असते. डोळे वेगवेगळे फिरवत तो आधी घास न्याहाळतो, मान हळूच जवळ नेतो आणि चट्! शांत खोलीत हा आवाज काचेबाहेरही ऐकू येतो. तो शिकारी आहे, फक्त टपून बसणारा. या न्याहाळण्यात पाच-सात सेकंद जातात आणि तेवढ्यात चपळ शेजारी तो घास घेऊन पसार झालेला असतो.

मग कोणते मासे चालतात?

लहान, लाजरे आणि आपल्या कोपऱ्यात रमणारे.

गोबी हा सगळ्यात बिनघोर पाहुणा. निऑन गोबी बोटाच्या दोन पेरांएवढा असतो, दगडाला चिकटून बसतो आणि आपल्यापुरतं उचलतो. क्लाउन गोबीही चांगला. नावात क्लाउन असलं तरी निमोशी, म्हणजे सिनेमातल्या त्या केशरी क्लाउनफिशशी, त्याचं काही नातं नाही. फायरफिशही चालतो, पण तो इतका भित्रा की दचकला की टाकीबाहेर उडी मारतो. त्याला ठेवायचं तर वर जाळीचं झाकण हवंच.

माझा आवडता शेजारी म्हणजे बांगाई कार्डिनल. चंदेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके असलेला हा मासा मूळचा इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीचा. तो पाण्यात नुसता तरंगत राहतो, कुणाच्या मागे लागत नाही. शौकाच्या बाजारासाठी त्याची बेसुमार पकड झाली आणि आज तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला जातो, म्हणून टाकीत पैदास झालेलाच घ्या. गंमत अशी की त्याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि तेवढे दिवस जेवतही नाही. आमच्या टाकीत एकदा एका नराच्या पिशवीत पिल्लं होती आणि दुसऱ्याच्या तोंडात अंडी. दोन्ही माद्या मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खाण्यात मग्न. माझ्या सासूबाई खुर्ची ओढून बराच वेळ ते पाहत बसल्या होत्या. बांगाई ठेवायचा तर एकटा किंवा जमलेली जोडी. तीन-चार आणले तर ते आपसांतच भांडतात.

मँडरीन मासा दिसायला पैठणीच्या पदरासारखा आणि स्वभावाने समुद्रघोड्याइतकाच संथ. जोडी शोभते, पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत असतो. लहान किंवा नव्या टाकीत ते काही आठवड्यांत संपतात आणि मँडरीन उपाशी मरतो. टाकी वर्षभर जुनी असेल आणि दगड भरपूर असतील तरच त्याच्या वाटेला जा.

रॉयल ग्रामाबद्दल मतं दोन आहेत. तो सहसा इजा करत नाही, पण बिळासमोर कुणी आलं की तोंड वासून दटावतो आणि जेवणात पुढे पुढे करतो. मी ठेवत नाही.

मुलांना निमो हवाय. एक ठेवला तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि नाराजीही याच उत्तरावर होते. लहान क्लाउनफिश वर्ष-सहा महिने गुण्यागोविंदाने राहतो. अशी टाकी चालवणारे लोक आहेत, ते मला माझं चुकतं असं सांगतातही. पण वयात आलेली जोडी आपला कोपरा ठरवते आणि तिथे फिरकणाऱ्याला हुसकावते. चपळ मासा हुसकावला की पळतो. समुद्रघोडा पळणार कसा? शिवाय क्लाउनफिश जेवणावर अक्षरशः तुटून पडतो.

त्याचं घर म्हणून समुद्रफूल आणलं तर खेळच संपला. दिसली फांदी की शेपटी गुंडाळायची, एवढंच समुद्रघोड्याला कळतं. समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या बोटांना आणि साध्या फांदीला तो वेगळं ओळखत नाही.

निमोसाठी वेगळी छोटी टाकी लावा. मुलांना दोन टाक्या मिळाल्याचा आनंद होईल.

टँग, डॅमसेल, ट्रिगर, पफर, एंजल, रास?

नाही. टँग आणि रास वाईट मनाचे नसतात, पण दिवसभर टाकीत येरझारा घालतात आणि जेवण मिनिटभरात फस्त करतात. डॅमसेल भांडकुदळ. ट्रिगर आणि पफर हाडाच्या कड्यांनी मढलेल्या घोड्यालाही कुरतडतात. लायनफिशच्या तोंडात मावेल ते सगळं त्याचं अन्न. ईल, मोठे खेकडे आणि लॉबस्टर यांचा विचारही नको.

कोळंबी, खेकडे, गोगलगाई, प्रवाळ?

गोगलगाई हव्यातच. समुद्रघोडा घास सांडतो, तो तळाशी कुजतो आणि पाणी बिघडतं. नासारियस गोगलगाय वाळूत पुरून घेते आणि अन्नाचा वास आला की सोंड वर काढून निघते. हिच्याइतकी इमानी कामवाली दुसरी नाही. मोठी क्लीनर कोळंबीही चालते, फक्त ती घास पळवते का यावर नजर ठेवा. बारीक कोळंबी आणली तर ती शेजारीण म्हणून राहत नाही, नाश्ता होते. शंखातल्या खेकड्यांपैकी लहान लाल पायांचे चालतात. मोठे शेपटीला चिमटा काढतात.

प्रवाळांत डंख किती, एवढंच बघायचं. गॉर्गोनियन उत्तम, कारण शेपटी अडकवायला ती तयार फांदीच आहे. मशरूम, लेदर, केनिया ट्री ही मंडळीही निरुपद्रवी. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन आणि गॅलेक्सिया लांब ठेवा. माझ्या टाकीत प्रवाळ कमी आणि समुद्री शेवाळ जास्त आहे. ग्रॅसिलेरियाच्या लाल झुबक्यात चारही घोडे रात्री शेपट्या अडकवून झोपतात.

तापमानाचं एवढं काय?

शेजाऱ्यांची यादी खरं तर तापमान ठरवतं, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

प्रवाळांची नेहमीची टाकी २५ ते २७ अंश सेल्सियसवर चालते. माझ्याकडे आहे तो रेषांकित समुद्रघोडा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याचा. वर नोव्हा स्कॉशियापासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत तो आढळतो, उन्हाळ्यात आमच्या न्यूजर्सीच्या खाड्यांतही. टाकीत तो २० ते २३ अंशांवर सुखात राहतो. त्याहून गरम पाण्यात तो लगेच मरत नाही, म्हणूनच माणूस फसतो. होतं असं की ऊब वाढली की व्हिब्रिओसारखे जीवाणू झपाट्याने वाढतात आणि बंदिस्त टाकीत घोड्याचा त्यांच्यापुढे निभाव लागत नाही.

पहिल्या वर्षी जुलैत आमचा एसी बिघडला. दुरुस्तीवाला तिसऱ्या दिवशी आला, तोवर पाणी २८ अंशांवर गेलं होतं. आठवड्याभरात एका नराच्या शेपटीचं टोक पांढरं पडलं, मग कातडी सोलवटायला लागली. औषध सुरू केलं, पण उशीर झाला होता. त्यानंतर मी चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, घेतला. घेताना किंमत पाहून पोटात गोळा आला होता, पण त्या टाकीतली सर्वांत उपयोगाची वस्तू तीच ठरली.

म्हणजे पाहुणाही २३ अंशांच्या आसपास जमवून घेणारा हवा. निऑन गोबी आणि बांगाई घेतात. २६ अंशांचा हट्ट असलेला मासा कितीही गरीब स्वभावाचा असला तरी तो या घरचा नाही.

टाकी किती मोठी लागते?

लांबीपेक्षा उंची बघा. ताठ उभ्या घोड्याच्या निदान तिप्पट उंची लागते, कारण जोडी जुळताना ते शेपट्या गुंफून वर वर तरंगत जातात आणि अंडी नराच्या पिशवीत जातात ती तेव्हाच. पाण्याची उंची ५० सेंटिमीटर असली की बरं. एका जोडीला ११० लिटर पुरतं, पण पाहुणे ठेवायचे तर १७० ते २०० लिटरपासून सुरुवात करा. टाकी लावून महिना-दीड महिना रिकामी चालवायची. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही.

पाण्याचा प्रवाह अगदी मंद ठेवायचा ना?

जुना समज. मंद प्रवाहात घाण कोपऱ्यात साचते आणि तीच पुढे आजार आणते. प्रवाह मध्यम ठेवा, मात्र दगड असे रचा की आडोशाची शांत जागाही मिळेल. पंपाच्या तोंडाला स्पंज आणि हिटरला जाळी लावाच. समुद्रघोडा हिटरलाही फांदी समजून बिलगतो आणि भाजून घेतो.

जेवण द्यायचं कसं, म्हणजे सगळ्यांना मिळेल?

मुख्य जेवण फ्रोझन मायसिस. ब्राइन श्रिंप आवडीने खातात, पण नुसत्या त्यावर ठेवणं म्हणजे मुलाला रोज चुरमुरे देणं. कधीतरी, पोषक द्रव्यात भिजवून द्या.

मी करतो ते असं. मायसिस चाळणीत घेऊन गोड्या पाण्याने धुतो. आधी टाकीच्या एका टोकाला गोबी आणि बांगाईसाठी चिमूटभर सोडतो. ते तिकडे गुंतले की लांब नळीने दुसऱ्या टोकाच्या काचेच्या वाटीत घोड्यांचा वाटा ठेवतो. आठवड्याभरात घोड्यांना वाटी कळते. नळी दिसली की चौघेही वाटीभोवती जमतात. मग पाच मिनिटं उभं राहून मोजायचं: कुणी किती वेळा चट् केलं. एखादा नुसताच पाहत राहिला तर काहीतरी बिनसलंय. आजाराची पहिली खूण बहुधा हीच असते.

अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाका.

नवा मासा थेट टाकीत सोडला तर काय बिघडतं?

माझं बिघडलं होतं. एका दुकानातून गोड दिसणारा गोबी आणला, दुकानदार म्हणाला "एकदम हेल्दी". मी तासाभरात टाकीत सोडला. पंधरा दिवसांत गोबी गेला आणि जाताना एक मादी घेऊन गेला. काय आजार होता हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून कुणीही आलं तरी वेगळ्या साध्या टाकीत किमान सहा आठवडे. आईच्या भाषेत सोयर. प्रवाळ आणि शेवाळही मी आधी वेगळ्या पाण्यात ठेवतो.

समुद्रातून पकडलेला घोडा स्वस्त मिळतो. घ्यावा का?

घेऊ नका. पकडलेला घोडा प्रवासात खंगलेला असतो, पोटात जंत घेऊन येतो आणि मेलेलं, गोठवलेलं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. फार्मवर वाढलेल्याला मायसिस लहानपणापासून माहीत असतं. हवाईत आणि टास्मानियात असे फार्म आहेत. शिवाय समुद्रातली संख्या घटते आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात सापडून आणि वाळवून औषधासाठी विकले जाऊन ते मोठ्या संख्येने जातात. सगळ्या समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००४ पासून साइटिस या वन्य जातींच्या व्यापाराविषयीच्या कराराचे निर्बंध आहेत.

पाईपफिश तर त्यांचा नातलगच. तो चालेल?

स्वभावाने चालेल. पण बाजारात येणारे बहुतेक पाईपफिश पकडलेले असतात, आणि एकाच कुळातले असल्याने एकाचा रोग दुसऱ्याला सहज लागतो. दोन वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले समुद्रघोडे एकत्र ठेवू नयेत, तेही याच कारणाने. एका फार्मचे, एका जातीचे, एकदमच आणा.

नराला पिल्लं झाली तर बाकीचे मासे खातील?

खातील, आणि उरलीसुरली फिल्टरमध्ये जातील. रेषांकित समुद्रघोड्याचा नर साधारण तीन आठवड्यांनी शेकड्यांनी पिल्लं सोडतो, बहुधा पहाटे. वाचवायची तर गोल, मंद हवेची वेगळी टाकी आणि दिवसातून चार-पाच वेळा ताजी उबवलेली, पोषण दिलेली आर्टेमिया (ब्राइन श्रिंपची पिल्लं) लागते. मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला एकही जगलं नाही. दुसऱ्या खेपेला अकरा जगली आणि मी महिनाभर नीट झोपलो नाही.

नर पाण्यावर तरंगतोय आणि खाली जाता येत नाहीये. गरोदर आहे का?

बहुधा पिशवीत हवा अडकली आहे. गरोदर नर जड होतो, वर उचलला जात नाही. हवेच्या बुडबुड्यांचा हा आजार नरांमध्ये बराच दिसतो. असेटाझोलामाइड या औषधाने तो बरा होऊ शकतो, पण ते आणि त्याची मात्रा जलचरांच्या डॉक्टरकडूनच घ्या.

भारतात पाळता येईल का? पुतण्याला कोकणात एक सापडला होता.

पुतण्याने तो परत पाण्यात सोडला असेल अशी आशा आहे. २००१ मध्ये समुद्रघोडे आणि पाईपफिश हे सगळं कुळच वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. आपल्या किनाऱ्यावरचा घोडा पकडणं, विकणं, घरी बाळगणं हा गुन्हा आहे. वाळवलेला, शोभेसाठी किंवा "दम्यावर औषध" म्हणून ठेवलेलाही त्यात आला. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रघोड्यांच्या पैदाशीवर काम झालं आहे, पण ते संशोधन. त्यावरून दुकानात मिळणारा घोडा कायदेशीर ठरत नाही. कुणी "फार्मचा आहे, इम्पोर्टेड आहे, पेपर आहेत" म्हणालं तर ते पेपर घेऊन आधी वनखात्याला लेखी विचारा. परदेशी जातींनाही नोंदणीचे नियम लागू आहेत. मुंबई-पुण्यात खारी टाकी लावायची हौस असेल तर टाकीत पैदास झालेले क्लाउनफिश आणि गोबी यांनी ती झकास भागते. तिथे निमोला माझी ना नाही.

आठवडाभर बाहेरगावी जायचं झालं तर?

स्वयंचलित फीडर कोरडं खाणं टाकतो, ते घोड्यांच्या कामाचं नाही. माणूसच लागतो. आमच्या शेजारच्या गुजराती काकू येतात. मायसिसचे तुकडे मी आधीच गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीत वारांप्रमाणे भरून फ्रीजरमध्ये ठेवतो. नाहीतर माया म्हणून दुप्पट वाढलं जातं आणि परत येईपर्यंत पाणी दुधासारखं झालेलं असतं. एक कप्पा मुद्दाम रिकामा असतो, कारण मोठ्या, धडधाकट घोड्यांना आठवड्यातून एक दिवस उपास घातलेला चालतो. तो वार आमच्याकडे मंगळवार आहे. काकूंनी कारण विचारलं नाही, त्यांनाही तो पाळावासा वाटला असावा.